भारतीय पासपोर्टवर सर्बियातून कोसोव्होत आणि परत

2024च्या ऑक्टोबरमध्ये मी सर्बियाची राजधानी बेलग्रेडहून निश या शहरामार्गे कोसोव्होत गेले आणि उत्तर मित्रोवित्सातून पुन्हा सर्बियात येऊन बेलग्रेडहूनच जर्मनीला परतले. मी मूळची साताऱ्याची. गेली काही वर्षे नोकरीनिमित्त श्टुटगार्टजवळ राहते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी परिचारिका कोसोव्होतल्या पेया शहराची अल्बेनियन आहे आणि तिने आईच्या घरी येण्याचे आमंत्रण मला फार पूर्वीपासून देऊन ठेवले होते. ते मला स्वीकारायचे होतेच, पण तिथल्या सर्बांचे म्हणणेही त्यांच्या गावी जाऊन ऐकावे अशी इच्छा होती. तयारीला लागल्यावर ध्यानात आले की विमानाचे तिकीट ही यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. कोणत्या बाजूने शिरायचे, कोणत्या बाजूने बाहेर पडायचे आणि कोणाला कोणता शिक्का दाखवायचा हे आधी ठरवले नाही, तर माणूस अध्येमध्ये अडकू शकतो. मराठीत याची माहिती मला कुठे सापडली नाही, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हा गुंता कळत नाही. युगोस्लाव्हियाच्या काळात कोसोव्हो हा सर्बियातला स्वायत्त प्रांत होता आणि तिथली बहुसंख्य वस्ती अल्बेनियन होती. सर्बियाचे तेव्हाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीत 1989मध्ये ही स्वायत्तता काढून घेण्यात आली. पुढच्या दशकात अल्बेनियन शिक्षक, डॉक्टर आणि कामगार मोठ्या संख्येने नोकरीला मुकले, मुलांच्या शाळा लोकांच्या घरांत भरू लागल्या आणि 1998मध्ये उघड युद्ध पेटले. 24 मार्च 1999 पासून नाटोने 78 दिवस बॉम्बफेक केली. त्या वसंत ऋतूत 8 लाखांहून अधिक अल्बेनियन लोकांना देशोधडीला लावण्यात आले, आणि जूनमध्ये सर्बियाच्या फौजा मागे गेल्यावर सुमारे 2 लाख सर्ब, रोमा व इतर बिगर-अल्बेनियन लोकांना घरे सोडून पळावे लागले. सुरक्षा परिषदेच्या 1244 क्रमांकाच्या ठरावाने कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला, पण त्याच ठरावात युगोस्लाव्हियाची प्रादेशिक अखंडताही नोंदवून ठेवली. 17 फेब्रुवारी 2008 रोजी कोसोव्होची राजधानी प्रिश्टिना इथल्या विधिमंडळाने स्वातंत्र्य जाहीर केले. जुलै 2010मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या घोषणेमुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही असे मत दिले; कोसोव्हो हा देश आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. आज जगातले शंभराच्या आसपास देश त्याला मान्यता देतात. सर्बिया, रशिया आणि चीन देत नाहीत, युरोपीय संघातले स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया व स्लोव्हाकिया देत नाहीत, आणि भारतही देत नाही.

भारताच्या भूमिकेचा आपल्यासारख्या प्रवाशाला होणारा परिणाम साधा पण गंभीर आहे. प्रिश्टिनात आपली वकिलात नाही. तिथे पासपोर्ट हरवला, अपघात झाला किंवा पोलिसांशी काही प्रश्न उद्भवला, तर दार ठोठावायला आपल्या देशाचे कार्यालय नाही. म्हणून निघण्यापूर्वी मी बेलग्रेडच्या भारतीय वकिलातीला माझ्या प्रवासाचा कार्यक्रम ईमेलने कळवून ठेवला, पासपोर्टच्या रंगीत प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आणि एक प्रत घरी बहिणीकडे पाठवली.

आता मुख्य मुद्दा. कोसोव्होची उत्तर मेसिडोनिया, अल्बानिया आणि मॉन्टेनेग्रोशी असलेली सीमा, तसेच प्रिश्टिनाचा विमानतळ, हे सर्बियाच्या दृष्टीने सर्बियाचेच प्रवेशमार्ग आहेत, पण तिथे सर्बियाचा अंमल नाही. त्यामुळे जो माणूस उत्तर मेसिडोनियाची राजधानी स्कोप्ये इथून किंवा विमानाने कोसोव्होत उतरतो आणि पुढे सर्बियात जाऊ पाहतो, तो सर्बियाच्या कायद्यानुसार बेकायदा शिरलेला ठरतो आणि त्याला परत पाठवले जाऊ शकते. उलट, जो आधी बेलग्रेडला उतरतो त्याच्या पासपोर्टवर सर्बियाचा प्रवेशाचा शिक्का असतो. तो कोसोव्होत जाऊन परत सर्बियात आला, तर सर्बियाच्या लेखी तो देशाबाहेर गेलेलाच नसतो. मात्र हाच माणूस कोसोव्होतून स्कोप्येमार्गे निघून गेला, तर सर्बियातून बाहेर पडल्याची नोंदच राहत नाही आणि पुढच्या भेटीत त्याला त्याचे उत्तर द्यावे लागू शकते. म्हणून दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर सर्बियातून जावे आणि सर्बियातच परतावे. फक्त कोसोव्हो पाहायचे असेल तर सर्बियाच्या वाटेला जाऊच नये.

व्हिसाचा प्रश्न माझ्यासाठी सुटसुटीत होता. शेंगेन देशाचा वैध निवासपरवाना किंवा अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असलेल्यांना कोसोव्होत 15 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. सर्बियाने भारतीयांसाठीची व्हिसामुक्त सोय 1 जानेवारी 2023 पासून बंद केली असली, तरी युरोपीय संघातले निवासपरवानाधारक आणि शेंगेन व्हिसाधारक तिथे व्हिसाशिवाय जाऊ शकतात. थेट भारतातून निघणाऱ्यांनी आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हे आधी पाहावे.

जुलैमध्ये तारखा ठरवायला बसले तेव्हापासून बातम्यांकडे लक्ष ठेवावे लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला कोसोव्होच्या पोलिसांनी उत्तरेकडच्या सर्ब वस्तीतल्या सर्बियन टपाल खात्याच्या 9 शाखा बंद केल्या. 6 सप्टेंबरला सर्बियाच्या बाजूला निदर्शकांनी वाट अडवल्यावर कोसोव्होने मेर्दारे आणि बर्न्याक ही सर्बियाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची ठाणी काही काळ बंद केली, आणि मला नेमके मेर्दारेवरूनच जायचे होते. ठाणी पुन्हा उघडली तरी मन साशंक होते. शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे हे असे होतच असते, तू तिकीट काढ, पण परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेव." हा सल्ला फार मोलाचा ठरला, कारण त्या मोकळ्या दिवसांमुळे पुढे कोणत्याही ठाण्यावर माझा जीव टांगणीला लागला नाही.

सर्वांत जास्त वेळ विम्याने खाल्ला. माझ्या प्रवासविम्याच्या देशांच्या यादीत सर्बिया होता, कोसोव्होचे नाव कुठेच नव्हते आणि फोनवर बोलणाऱ्या दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरे दिली. शेवटी मी लेखी विचारणा केली आणि संरक्षण कोसोव्होतही लागू आहे असे लेखी उत्तर यायला जवळजवळ तीन आठवडे गेले. तोंडी आश्वासनावर जाऊ नये, एवढेच सांगते. मोटार नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की युरोपातले ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशातही चालणारे मोटारविम्याचे प्रमाणपत्र, 2024मध्ये कोसोव्होत चालत नव्हते. तिथला विमा सीमेवरच विकत घ्यावा लागत होता.

बेलग्रेड विमानतळावर पोहोचताच मी पहिली गोष्ट केली ती प्रवेशाचा शिक्का नीट उमटला आहे आणि तारीख वाचता येते आहे हे पाहण्याची. सर्बियात परदेशी माणसाची 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करते. खाजगी घरात उतरल्यास घरमालकाला करावी लागते आणि त्याची पांढरी चिठ्ठी मिळते. मी ती मागून घेतली आणि पासपोर्टमध्ये ठेवली. बेलग्रेडमध्येच स्थानिक सिमकार्ड घेतले. 2021 पासून पश्चिम बाल्कनमधल्या सहा ठिकाणांत आपसात रोमिंगचे शुल्क नसल्याने ते कोसोव्होतही चालले.

निशहून निघालेली बस प्रोकुप्ल्ये आणि कुर्शुमलिया ही गावे मागे टाकून दोनेक तासांत मेर्दारेला पोहोचली. वाहकाने सगळ्यांचे पासपोर्ट आणि ओळखपत्रे गोळा केली. माझा निवासपरवाना मी पासपोर्टच्या आतच ठेवला होता, तसाच तो ठेवावा. सर्बियाच्या लेखी ही देशाची सीमा नाही, केवळ प्रशासकीय रेषा आहे, म्हणून तिथे बाहेर पडल्याचा शिक्का मारत नाहीत. काही मीटर पुढे गेल्यावर कोसोव्होच्या पोलिसाने मात्र मला खाली उतरवले. किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार, पत्ता काय, हे त्याने इंग्रजीत विचारले, शेजारणीच्या आईचा फोन नंबर लिहून घेतला आणि निवासपरवाना उलटसुलट पाहून शिक्का मारला. मी विनंती केल्यावर त्याने त्यासाठी कोरे पान निवडले. बाकीची बस माझ्यासाठी थांबली होती. कोणी कुरकुर केली नाही.

प्रिश्टिनात मी फार रमले नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी उभारलेली 'न्यूबॉर्न' ही मोठाली इंग्रजी अक्षरे, बिल क्लिंटन यांचा पुतळा, बलात्कारित स्त्रियांच्या स्मरणार्थ हजारो पदके जोडून घडवलेला स्त्रीचा चेहरा, हे सारे एका दिवसात पाहून होते. तिथून जवळच असलेल्या ग्राचानित्साला मात्र जरूर जावे. चौदाव्या शतकातल्या राजा मिलुतिनच्या मठाभोवती सर्बांचे गाव आहे आणि रस्त्याच्या कडेला तशाच मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मिसिंग' असे लिहून त्यावर युद्धात व युद्धानंतर नाहीशा झालेल्या सर्बांची छायाचित्रे लावलेली आहेत. दोन्ही समाजांतले मिळून सुमारे 1,600 लोक अजून बेपत्ता आहेत. त्यांत अल्बेनियन अधिक आहेत, पण छायाचित्रांपुढे उभे राहिल्यावर संख्येची तुलना करण्याची हिंमत होत नाही.

पेयाला मी शेजारणीच्या आईकडे राहिले. शेजारीण स्वतः त्याच आठवड्यात रजेवर आली होती आणि आमच्यात दुभाष्याचे काम तिने केले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आईने कपाटातून कागदांची एक पिशवी आणली. 1999च्या वसंतात त्यांच्या गल्लीतली घरे जाळली गेली आणि त्या दोन मुलांना घेऊन अल्बानियाच्या सीमेकडे निघाल्या. सीमेवर त्यांचे ओळखपत्र, जन्माचे दाखले आणि घराचे कागद काढून घेतले गेले. हे एकट्या त्यांच्या बाबतीत घडले नव्हते. हाकलल्या जाणाऱ्या अल्बेनियनांची कागदपत्रे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट हिसकावून घेण्याचा प्रकार तेव्हा सर्रास घडला, म्हणजे ही माणसे इथलीच होती याचा पुरावा उरू नये. पिशवीत सर्वांत जुने होते ते संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने दिलेले फिकट निळे प्रवासपत्र. त्यावर देशाचे नाव नव्हते. ते दाखवले की कित्येक ठिकाणी अधिकारी वरिष्ठांना बोलवायला जात, असे त्या म्हणाल्या. त्याच्याखाली कोसोव्होचा पहिला पासपोर्ट होता, ज्यावर जर्मनीचा व्हिसा मिळवायला दर वेळी पगाराचे, घराचे, मुलीच्या हमीचे कागद जोडावे लागत. सर्वांत वर नवा पासपोर्ट होता. 1 जानेवारी 2024 पासून त्यावर शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येते, आणि त्या फेब्रुवारीत मुलीकडे आल्या तेव्हा कोणी काही विचारले नाही. हे सांगताना त्या पासपोर्टवरून हात फिरवत होत्या.

मग त्यांनी सरळ विचारले, "तुमचा देश आम्हाला का मानत नाही?" मी मला ठाऊक होते ते सांगितले: 1999मध्ये नाटोची बॉम्बफेक थांबवण्याची मागणी करणाऱ्या सुरक्षा परिषदेतल्या प्रस्तावावर रशिया आणि बेलारूससोबत भारताचेही नाव होते, एखाद्या देशाचा भाग त्या देशाच्या संमतीशिवाय तोडला जाणे भारताला मान्य नाही, आणि त्यामागे काश्मीरचा विचार आहे असे बहुतेक जाणकार मानतात. मुलीने भाषांतर करून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यामुळे नव्हे, तुमच्या काश्मीरमुळे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भारताची सावधगिरी मला समजते आणि ती मी नाकारतही नाही, पण अशा सावधगिरीचा भार कोणाच्या कागदांवर येऊन पडतो हे मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दिसले, आणि हा विचार आपल्याकडच्या चर्चेत कधीच येत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेयाहून देचानीचा सर्बियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ जवळ आहे. तिथे जाताना नाटोच्या नेतृत्वाखालील केफोर या शांतिसेनेच्या इटालियन सैनिकांच्या नाक्यावर पासपोर्ट ठेवून बिल्ला घ्यावा लागतो. परतताना बिल्ला देऊन पासपोर्ट मिळतो. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. हा मठ युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत आहे आणि त्याच्या भोवतालच्या 24 हेक्टर जमिनीचा वाद आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या वादांसारखाच वर्षानुवर्षे रेंगाळला होता. कोसोव्होच्याच घटनात्मक न्यायालयाने 2016मध्ये जमीन मठाची असल्याचा निकाल कायम केला, पण सरकारने नोंद मठाच्या नावावर लावली ती मार्च 2024मध्ये. निकाल हाती असूनही आठ वर्षे नोंद न होणे म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही.

मित्रोवित्साला इबार नदीच्या दक्षिणेला अल्बेनियन आणि उत्तरेला सर्ब राहतात. मधला पूल तेव्हा वाहनांना बंद होता, पायी जाता येत होते. तो वाहनांसाठी खुला करण्याचा कोसोव्हो सरकारचा बेत त्या उन्हाळ्यात गाजत होता आणि युरोपीय संघ व अमेरिका घाई करू नका असे सांगत होते. पुलावर केफोरच्या इटालियन पोलिसांची गाडी उभी होती. बॅग घेऊन मी पलीकडे गेले. कोणी अडवले नाही, पण झेंडे आणि दुकानांच्या पाट्यांची लिपी इतक्या थोड्या अंतरात बदलते की पावले आपोआप मंदावतात.

उत्तर भागात मी ज्यांच्याकडे खोली घेतली त्या काकू सर्बियाच्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांचे माहेरचे घर नदीच्या दक्षिणेला आहे आणि 1999 पासून त्यात दुसरेच कुटुंब राहते. त्यांचे निवृत्तिवेतन सर्बियाकडून दिनारमध्ये येते, पण 1 फेब्रुवारी 2024 पासून कोसोव्होच्या मध्यवर्ती बँकेने रोखीच्या व्यवहारात फक्त युरो चालेल असा नियम लागू केला, तेव्हापासून ते काढायला त्यांना दर महिन्याला बसने सर्बियातल्या राश्काला जावे लागते. त्यांच्याकडेही दोन प्रकारची कागदपत्रे होती. कोसोव्होत राहणाऱ्यांना सर्बियाने दिलेला पासपोर्ट वेगळ्या कार्यालयातून निघतो आणि त्यावर तेव्हा शेंगेन व्हिसा लागत असे, म्हणजे 2024मध्ये नदीपलीकडचा अल्बेनियन व्हिसाशिवाय व्हिएन्नाला जात होता आणि काकूंना ते शक्य नव्हते. युरोपीय संघाने ही अट त्या वर्षाच्या अखेरीस काढली. कोसोव्होचा पासपोर्ट का घेत नाही, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ओळखपत्र घेतले आहे, त्याशिवाय इथे काही चालत नाही. पासपोर्ट घ्यायला हात पुढे होत नाही." पेयातल्या आईंना पासपोर्टवरून हात फिरवताना मी चार दिवसांपूर्वीच पाहिले होते, आणि या दोघींपैकी एकीचे खरे मानून दुसरीचे खोटे म्हणणे मला जमणार नाही.

परतीची बस उत्तर मित्रोवित्सातून निघून यारिन्ये ठाण्यावरून राश्काला जाते. वाटेत झ्वेचानजवळ बान्स्काचा फाटा लागतो. 24 सप्टेंबर 2023 रोजी तिथे सशस्त्र सर्ब गटाशी झालेल्या चकमकीत एक कोसोव्हो पोलीस आणि तीन हल्लेखोर मारले गेले होते, आणि तिथून जाताना बसमधले बोलणे थांबले. यारिन्येला कोसोव्होच्या बाजूचे काम पटकन झाले. सर्बियाच्या अधिकाऱ्याने मात्र माझा पासपोर्ट पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली. कोसोव्होचा शिक्का आला, तो पाहून न पाहिल्यासारखे करून तो पुढे गेला. जुने व्हिसे, रिकामी पाने उलटत तो शेवटी बेलग्रेड विमानतळाच्या शिक्क्यावर थांबला, अंगठ्याने ते पान दाबून तारीख वाचली आणि पासपोर्ट परत दिला. तो एक शिक्का नसता तर मला बहुधा तिथूनच मागे फिरावे लागले असते.

खर्चाचे सांगायचे तर विमान सोडून सर्व मिळून साडेतीनशे युरोंच्या आसपास गेले, आणि त्यातला मोठा वाटा खोल्यांचा होता. कोसोव्होतल्या बसचे भाडे तेव्हा पाच युरोंच्या आत होते आणि पैसे बसमध्येच रोख द्यावे लागतात, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. दिनार सर्बियातच संपवावेत. एकाच गावाची दोन नावे असतात: अल्बेनियन पेया म्हणजे सर्बियन पेच, आणि निशच्या स्थानकावर वेळापत्रकात सर्बियन नावच शोधावे लागते, दोन्ही नावे कागदावर लिहून नेल्यास विचारपूस करताना समोरच्याचे मन दुखावत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी, दोन्ही वेळा, ठाणी उघडी आहेत का ते पाहावे. आणि मेर्दारे बंद असेल तर यारिन्ये, यारिन्ये बंद असेल तर मेर्दारे, असा दुसरा मार्ग बसच्या वेळांसह तयार ठेवावा, कारण दोन्हींपैकी कोणताही मार्ग निवडला तरी परतायचे सर्बियातच आहे.